किती हळू चालतो?

ग्राइंडर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर (बेल्टवर) पोलाद घासणारं यंत्र, घ्यायचं डोक्यात आलं की माणूस सगळ्यात आधी मोटर किती एचपीची आहे ते विचारतो. प्रश्न चुकीचा नाही, त्याचं उत्तरही पुढे येईलच. पण घरच्या घरी सुऱ्या आणि वस्तरे करायचे असतील, त्यातही वस्तरे, तर माझ्या मते यंत्राला पहिला प्रश्न उलटा विचारावा: बाबा रे, तू हळू किती चालतोस?

सुरी सोशिक असते. पाठीशी दोन-अडीच मिलिमीटर जाड असलेलं पातं धारेकडे निमुळतं होत जातं, आणि धार लावण्याआधी काठाला पाव मिलिमीटर जाडी उरली तरी पुढे ती सुरी छान कापते. घासताना जरा जास्त तापली, काठाचा एखादा मिलिमीटर मऊ पडला, तर तेवढा घासून टाकता येतो. सुरी किंचित अरुंद होते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

वस्तऱ्याचं तसं नाही. त्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली असतात, त्यामुळे धारेचा कोन हाताच्या कसबावर ठरत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून तो आधीच ठरून गेलेला असतो. पाठ 5 मिलिमीटर आणि तिथून धारेपर्यंत 20 मिलिमीटर असेल तर कोन साधारण 14 अंश येतो. पाठ 6 मिलिमीटर ठेवली की 17 अंश. दाढीला सुख देणारे वस्तरे बहुतेक या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात. आता समजा काठ जळला आणि 2 मिलिमीटर घासून टाकावा लागला. 5 आणि 20 चं प्रमाण 5 आणि 18 वर येतं, कोन 16 अंशांवर जातो, आणि तो मागे आणायचा तर पाठ उतरवावी लागते. पाठ उतरवली की बाजूंचे उतार बदलतात. एक सावरायला जावं तर दुसरं घसरतं, आणि हळूहळू हातातला वस्तरा कागद कापायच्या पात्यासारखा दिसायला लागतो.

काठ जळतो म्हणजे नेमकं काय होतं? साध्या कार्बन पोलादाचं पातं आपण लाल तापवून तेलात विझवतो, मग 180 ते 200 अंश सेल्सियसला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा थोडा काढतो. त्या दुसऱ्या तापमानाच्या वर पातं पुन्हा गेलं की कडकपणा उतरायला लागतो. पोलाद तसं रंगाने सांगतंही: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि निळा आला म्हणजे 300 च्या घरात पोहोचलो. तो निळा रंग पुढच्या बेल्टवर दोन फेऱ्यांत निघून जातो. मऊपणा मात्र आत राहतो, आणि तो कळतो थेट दगडावर, जेव्हा धार लागता लागत नाही आणि लागलीच तर एका दाढीत बसते.

याचं एक गणित मी पाठकोऱ्या कागदावर मांडून यंत्रासमोरच्या भिंतीला चिकटवलं आहे. वस्तऱ्याचा धारेकडचा शेवटचा 1 मिलिमीटर घ्या. लांबी 75 मिलिमीटर, सरासरी जाडी 0.2. एवढ्या पोलादाचं वजन भरतं जेमतेम 0.12 ग्रॅम. ते खोलीच्या तापमानापासून 200 अंशांपर्यंत न्यायला लागतात सुमारे 10 ज्यूल. 2 एचपीची मोटर पूर्ण जोर लावत असेल तर दर सेकंदाला जवळपास 1500 ज्यूल ओतत असते. त्यातली बरीच उष्णता ठिणग्यांबरोबर उडून जाते, काही बेल्ट घेऊन जातो, पण उरलेल्यातला बारीकसा वाटाही या काठाला पुरून उरतो. त्याच पात्याच्या पाठीचा 5 बाय 5 मिलिमीटरचा भाग तेवढाच तापवायचा तर हजारावर ज्यूल लागतात. म्हणून पाठीवर बोट ठेवून ‘अजून गारच आहे की’ असं म्हणण्यात अर्थ नसतो. पाठीला कळेपर्यंत धारेचं काम तमाम झालेलं असतं.

बेल्टचा वेग काढायला मोटरवरच्या चाकाचा परीघ आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करायचा, बस. 50 हर्ट्झच्या विजेवर दोन-पोल मोटर मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेते. तिच्यावर 150 मिलिमीटरचं चाक बसवलं तर बेल्ट सेकंदाला 22 मीटर पळतो. कच्च्या पट्टीला आकार द्यायला, अजून मऊ असलेल्या पोलादावरचा माल भराभर उतरवायला हा वेग झकास आहे. पण वस्तऱ्याचं खरं घासकाम पातं कडक केल्यानंतर होतं. आधीच पातळ करून तेलात विझवलं तर ते वाकतं, कधी काठाशी तडकतं. त्यामुळे काठ मिलिमीटरभर जाड ठेवूनच पातं भट्टीत जातं, आणि उरलेला सगळा माल कडक अवस्थेत, जळण्याची भीती डोक्यावर घेऊन काढावा लागतो. तिथे मला वेग 5 मीटरच्या खाली हवा असतो आणि अगदी शेवटच्या फेऱ्यांना 2-3 मीटर. म्हणजे एकाच यंत्राने 22 पण द्यायला हवेत आणि 2 पण. हा दहा पटींचा पल्ला हीच ग्राइंडरची खरी किंमत, असं मी मानते. बाकीचं सगळं हाताने, डोक्याने किंवा वेल्डिंगने भागवता येतं.

तयार मिळणारी छोटी टेबलावरची यंत्रं, 25 बाय 762 मिलिमीटर बेल्टची, इथेच मार खातात. ती एकाच वेगाने चालतात आणि तो वेग कडक पात्यासाठी फार जास्त असतो. त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. दाबलं तर थांबतात, जागा कमी घेतात, बेल्ट स्वस्त, आणि तयार सुरीला धार लावायला तर उत्तमच. पण त्यांच्यावर वस्तरा करणारा माणूस यंत्राच्या जिवावर करत नसतो, स्वतःच्या धीरावर करतो. एक फेरी, पाण्यात बुडव, एक फेरी, पाण्यात बुडव. ज्याच्याकडे तेवढा धीर आहे त्याला खरं तर कानसही पुरेल.

कानशीचं नाव निघालंच आहे तर सांगते, ज्याने अजून एकही पातं केलेलं नाही त्याने ग्राइंडर घेऊ नये. पहिली दोन-चार पाती कानस आणि कोन धरून ठेवणारी साधी पट्टी वापरून करावीत. कंटाळवाणं काम आहे, खांदे भरून येतात, पण दोन्ही बाजूंचे उतार सारखे आणायला डोळा कसा लागतो ते कानशीवरच कळतं. ग्राइंडरवर तेच असमान उतार दहा सेकंदांत येतात.

वेग बदलायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे थ्री-फेज मोटर आणि तिच्यापुढे व्हीएफडी. हा डबा घरातली सिंगल-फेज वीज घेतो, तिची थ्री-फेज करतो आणि वाटेत तिची फ्रिक्वेन्सी हवी तशी कमी-जास्त करतो. फ्रिक्वेन्सी 50 वरून 10 वर आणली की 22 मीटरचा बेल्ट साडेचार मीटरवर येतो, आणि मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बराचसा शाबूत राहतो. घरात पडून असलेल्या सिंगल-फेज मोटरला हाच डबा जोडायचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. कपॅसिटरवर सुरू होणाऱ्या मोटरा कमी फ्रिक्वेन्सीवर नीट चालत नाहीत आणि बघता बघता तापून जळतात. पंख्याचा रेग्युलेटर लावून तर मुळीच बघू नये. व्हीएफडी परवडत नसेल तर दोन-तीन पायऱ्यांच्या पुल्या आणि व्ही-बेल्ट हा जुना उपाय अजूनही धडधाकट आहे. वेग बदलायला दर वेळी पट्टा काढून घालावा लागतो, त्यामुळे कंटाळा करून माणूस चुकीच्याच वेगावर घासत बसतो, एवढाच त्यातला धोका.

मोटर घेताना दोन-पोल की चार-पोल यावर बराच काथ्याकूट होतो. माझा कौल चार-पोलला. ती मिनिटाला 1440 च्या आसपास फिरते, आणि ताकद सारखीच असताना तिचा टॉर्क दोन-पोल मोटरच्या दुप्पट असतो. 150 मिलिमीटरच्या चाकावर ती 50 हर्ट्झला सुमारे 11 मीटरचा वेग देते आणि 10 हर्ट्झला सव्वादोन मीटर. वरचा वेग हवा असेल तर मोटर बनवणाऱ्याने परवानगी दिलेली असेल तिथवर फ्रिक्वेन्सी 50 च्या वर नेता येते. तिकडे टॉर्क पडतो, पण दिवसभर मोठ्या सुऱ्यांचा माल उतरवायचा नसेल तर ते चालून जातं. फक्त एक लक्षात ठेवावं. मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे मोटर हळू फिरली की वाराही कमी पडतो. सावकाश चालवत तासभर काम केलं की मधेच मोटरच्या अंगावर हात ठेवून बघायचा.

आता एचपी. बेल्टच्या रुंदीच्या दर इंचाला 1 एचपी असा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे, म्हणजे 2 इंची बेल्टला 2 एचपी, दीड किलोवॅट. वस्तरेच करायचे असतील तर 1 एचपीतही निभावतं. झालं, एचपीचा विषय संपला.

व्हीएफडीच्या डब्याबद्दल मात्र हयगय नको. ग्राइंडरमधून उडणारी धूळ पोलादाची असते, वीज वाहून नेते, आणि डब्याला हवेसाठी भोकं असतील तर तिथून सुखेनैव आत शिरते. बंदिस्त, धूळ-पाणी न शिरणारा डबा घ्यावा, नाहीतर तो भिंतीपलीकडे बसवून फक्त वेगाचं बटण यंत्रापाशी आणावं.

बेल्टच्या मापाचा निर्णय सोपा आहे, कारण तो जगातल्या सुरीवाल्यांनी आपल्यासाठी घेऊन ठेवला आहे. 2 बाय 72 इंच, म्हणजे साधारण 50 बाय 1830 मिलिमीटर. या मापात जितक्या प्रकारचे, जितक्या ग्रिटचे (म्हणजे जाड-बारीक कणांचे), जितक्या कापडांचे बेल्ट मिळतात तितके दुसऱ्या कुठल्याही मापात मिळत नाहीत. शिवाय लांब बेल्टचा प्रत्येक कण पात्याला भेटून परत येईपर्यंत जास्त वेळ जातो. 915 मिलिमीटरच्या बेल्टच्या तुलनेत त्याला गार व्हायला दुप्पट सवड मिळते. जागाच नसेल तर 48 इंची लांबीही वाईट नाही, पण मग बारीक ग्रिट आणि लवचिक कापडाचे बेल्ट शोधत फिरावं लागतं.

या मापाच्या यंत्रांची ठेवण आता बहुतेक सारखीच झाली आहे. एका मजबूत चौकटीत चौकोनी पोकळ नळी, तिच्यात सरकणारा चौकोनी दांडा, आणि दांड्याच्या टोकाला आपल्याला हवं ते: प्लॅटन म्हणजे बेल्टमागची सपाट पाटी, कॉन्टॅक्ट व्हील म्हणजे रबर चढवलेलं मोठं चाक, किंवा छोटी चाकं. अमेरिकेतल्या रॉब फ्रिंक यांच्या केएमजी यंत्राने ही मांडणी घरोघरच्या कारागिरांना माहीत करून दिली, आणि आज स्वतः वेल्डिंग करून ग्राइंडर बांधणारे लोक कळत-नकळत तिचीच नक्कल करत असतात. सुऱ्या आणि वस्तरे दोन्ही करणाऱ्याला हा बदलता दांडा हवाच, कारण सुरीचं बरंचसं काम प्लॅटनवर होतं आणि वस्तऱ्याचं चाकावर.

चाक किती मोठं घ्यावं? इथे जरा थांबू या, कारण वस्तऱ्याचा सगळा स्वभाव या एका मापावर ठरतो. वस्तऱ्याच्या बाजू आतल्या अंगाला वळलेल्या, खोलगट असतात, आणि तो खोलगटपणा म्हणजे ज्या चाकावर तो घासला त्या चाकाच्या गोलाईचा ठसा. 12 मिलिमीटर रुंदीची खोलण घ्या. 350 मिलिमीटर व्यासाच्या चाकावर ती मधोमध फक्त 0.1 मिलिमीटर खोल जाते. 250 च्या चाकावर 0.14. 75 मिलिमीटरच्या चाकावर जवळपास 0.5. दोन्ही बाजू धरल्या तर मोठ्या चाकाने पात्याच्या पोटातून 0.2 मिलिमीटर माल काढला आणि छोट्याने 1 मिलिमीटर. एका बाजूला जवळजवळ भरीव पाचरीसारखा, वजनदार, राठ दाढीतून न डगमगता जाणारा वस्तरा. दुसऱ्या बाजूला इतका पातळ की नखाने काठ हलकेच दाबला तर वाकलेला दिसतो आणि दाढी करताना बारीक गुणगुणतो. जर्मनीतलं झोलिंगन ज्या पूर्ण पोकळ वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं आहे, ते असे छोट्या चाकांवर घासले जात.

म्हणून पहिलं चाक छोटंच घ्यावं असा निष्कर्ष कुणी काढेल तर घाई होईल. छोट्या चाकाची खोलण धारेपर्यंत एकाच कमानीत नेता येत नाही. वाटेतच दोन्ही बाजू एकमेकींना भेटतात आणि पात्याला भोक पडतं. ते काम दोन पट्ट्यांत, मधे किंचित फुगीर पोट ठेवून करावं लागतं, आणि ते पोट दोन्ही बाजूंना समोरासमोर यावं लागतं. नवख्याचा हात तिथे टिकत नाही. 200 ते 250 मिलिमीटरचं चाक घ्यावं. त्यावर अर्ध्या खोलणीचे वस्तरे होतात, शिकारीच्या सुऱ्यांचा हॉलो ग्राइंड, म्हणजे तसाच खोलगट उतार, होतो, आणि चाकाची कड वापरून टँगच्या, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या शेपटाच्या, वळणातही शिरता येतं. चाकावरच्या रबराचा कडकपणा शोअर ए मापात सांगतात. 55 चं रबर मऊ, 90 चं जवळजवळ लाकडासारखं. वस्तऱ्याला मला 70 ते 80 च्या दरम्यानचं आवडतं. त्याहून मऊ असेल तर पात्याच्या दाबाखाली ते बसतं आणि खोलणीच्या कडा गोल होतात. खाचा असलेलं रबर नको. ते माल जोरात काढतं, पण पातळ काठाशी त्याची थरथर जाणवते.

चाक घेताना त्याचा तोल मात्र डोळ्यांत तेल घालून बघावा. बेल्ट न चढवता फिरवायचं, मोटर बंद करायची आणि ते थांबेपर्यंत बघत राहायचं. चाक कुठे घुटमळतं का, थांबताना दर वेळी एकच बाजू खाली येते का. किंचितही डगमगणाऱ्या चाकाने घासलेल्या पात्यावर आडव्या लाटा उठतात. साध्या प्रकाशात त्या दिसत नाहीत. पॉलिश केल्यावर वस्तरा खिडकीकडे तिरका धरला की चौकटीचं प्रतिबिंब त्याच्या अंगावर पाण्यात पडल्यासारखं हलतं, तेव्हा कळतं. बेल्टच्या सांध्याची टकटक वेगळी. ती बेल्ट बदलला की जाते. चाकाचा दोष प्रत्येक बेल्टवर तसाच राहतो.

बेल्ट चाकांवर मधोमध टिकतो कसा, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. माझ्या मोटरवरचं चाक एका टर्नर काकांनी लेथवर कातून दिलं. माप सांगून झाल्यावर ते म्हणाले, “ताई, मधे जरा फुगीर ठेवतो हं. सपाट केलं तर पट्टा थारा धरणार नाही.”

“किती फुगीर, काका?”

“डोळ्याला दिसेल न दिसेल इतकं.”

त्यांनी चाकावर फूटपट्टी उभी धरून दाखवली. दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट होती. फिरणारा पट्टा नेहमी चाकाच्या सगळ्यात मोठ्या व्यासाकडे चढत जातो. उंची मधोमध असेल तर तो मधोमध येऊन बसतो. यंत्रात अशी फुगीर चाकं एक किंवा दोनच हवीत, सहसा वरचं, तिरकं करता येणारं. सगळीच फुगीर केली तर बेल्ट प्लॅटनवरही फुगीर चालतो आणि सपाट पृष्ठभाग सपाट येत नाही. विकतच्या यंत्रात हे तपासायचं तर बेल्ट चढवून वेग सगळ्यात कमीवरून सगळ्यात जास्तवर न्यायचा. बेल्टची कड जागची हलली नाही पाहिजे. माझ्यासारखे लोक बेल्टची कड प्लॅटनच्या बाहेर दीडेक मिलिमीटर काढून ठेवतात, कारण लटकलेली मऊ कड पात्याच्या खांद्याशी गोलसर वळण देते. बेल्ट डावी-उजवीकडे भटकत असेल तर त्याच जागी एक ओरखडा उठतो आणि तो काढायला पुन्हा मागच्या ग्रिटवर जावं लागतं.

प्लॅटन पोलादाचा असेल तर तो झिजतो आणि मधे खोलगट होतो. त्याच्यावर काच-सिरॅमिकची पट्टी इपॉक्सीने चिकटवली की घर्षण कमी होतं, उष्णता कमी होते, आणि सपाटी वर्षानुवर्षं टिकते. खर्च किरकोळ, फरक मोठा.

बेल्टच्या बाबतीत लोक काटकसर करतात आणि पाती जाळतात. बोथट कण कापत नाहीत, नुसते घासतात, आणि घासणं म्हणजे उष्णता. सिरॅमिक बेल्ट वेगात आणि दाबाखाली उत्तम चालतो, कारण त्याचे कण तुटून नवी टोकं उघडी पडत राहतात. हळू चालवून हलक्या हाताने वापरला तर ते तुटत नाहीत, गुळगुळीत होऊन चकाकायला लागतात. तेव्हा मऊ पोलादाच्या कच्च्या कामाला 36 किंवा 60 चा सिरॅमिक, आणि कडक पात्याच्या पातळ काठापाशी नवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा 120, मग 220, मग 400. त्यापुढे 3एमचे ट्रायझॅक्ट बेल्ट आहेत. त्यांच्यावरचे आकडे मायक्रॉनमधले असल्याने उलटे चालतात, ए65 पेक्षा ए30 बारीक. चाकावर वळणाच्या कामाला पातळ, लवचिक कापडाचा जे-फ्लेक्स घ्यावा. जाड कापडाचा बेल्ट छोट्या चाकावर नीट वळत नाही, त्याची कड पात्यात रुतते.

उंचीबद्दल कुणीच बोलत नाही. यंत्र कितीही चांगलं असो, बेल्ट घासण्याच्या जागी कोपराच्या उंचीला नसेल तर खांदे वर येतात आणि उतार वाकडा होतो. कोपर बरगड्यांना टेकवून, पातं दोन्ही हातांत धरून, हलायचं ते कमरेपासून. फ्रान्समधल्या थिएर गावचे धार लावणारे ड्युरोल नदीवरच्या पाणचक्क्यांत फळीवर पालथे झोपून, खाली फिरणाऱ्या दगडावर वाकून काम करायचे, आणि थंडीत पायांवर कुत्रा बसवून ऊब घ्यायचे. शेफील्डचे कारागीर दगडामागच्या बैठकीवर घोड्यावर बसल्यासारखी मांड टाकत. दोन्हीकडे हेतू एकच असणार, अंगाचं वजन कामावर पडावं आणि हात फक्त दिशा द्यायला मोकळे राहावेत. आपण उभे राहतो. त्यामुळे टेबल निदान आपल्या मापाचं करावं, यंत्र ज्या टेबलावर आलं त्याच्या मापाचं आपण होऊ नये.

शेफील्डची आठवण आणखी एका कारणाने येते. 19व्या शतकात तिथे कोरड्या वालुकाश्मावर घासकाम करणारे, विशेषतः काटे घासणारे, फुप्फुसात दगडाची धूळ साचून तरुणपणीच जायचे. आपल्या बेल्टवर वालुकाश्म नसतो, पण पोलादाची, शिंगाची, मुठीसाठी वापरतात त्या जी10 ची, म्हणजे काचतंतूंची धूळ असतेच. चांगला पी100 किंवा एफएफपी3 मास्क यंत्राच्या आधी घ्यावा. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, बाह्या वर, ओढणी दुसऱ्या खोलीत. हातमोजे मी घालत नाही. एकतर ते बेल्टमध्ये ओढले जाऊ शकतात, आणि दुसरं म्हणजे काठाची उष्णता मला उघड्या बोटांनीच कळते. बोटाला सोसवेना झालं की पातं पाण्यात, मग वेग कितीही कमी असो. बेल्टच्या खाली पाण्याची बादली ठेवली की ठिणग्या आणि बराचसा कीस तिच्यात पडतो. लाकडाचा भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमला ठिणग्यांचं तोंड कधीही जोडू नये. आत भुसा आणि वाऱ्याचा झोत आयताच असतो, ठिणगी पडायचाच अवकाश.

आवाजाचं सांगायचं तर 22 मीटरवर यंत्र किंचाळतं आणि 4 मीटरवर गुरगुरतं. शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून विचारलं होतं, “अगं, आत नक्की काय कापतेयस?” त्यांना अर्धवट वस्तरा दाखवला. त्यांनी तो हातात न घेता लांबूनच बघितला, मग म्हणाल्या, “बरं, रात्री नको करूस.” तेव्हापासून जोराचं काम दिवसा आणि हळू काम रात्री अशी वाटणी आहे. चौकटीखाली जाड रबर घातल्यावर फरशीतून जाणारी थरथरही कमी झाली. बेअरिंगं चांगली असतील तर हळू वेगात ऐकू येते ती फक्त बेल्टची सरसर, आणि तिच्यात बेल्ट बोथट झाल्याचं कानाला कळतं. ठिणग्या कमी होतात, सरसर चढी होते.

सगळं एकदम घेऊ नये. चौकट, मोटर, व्हीएफडी आणि प्लॅटन एवढ्यावर सुऱ्या सुरू होतात. मोठं चाक दुसऱ्या खरेदीत. चौकट स्वतः वेल्ड करायची असेल तर चाकं मात्र जाणकाराकडून कातून घ्यावीत. चौकट थोडी ओबडधोबड असली तरी बिघडत नाही, चाकांना ते परवडत नाही. यंत्र आडवं झोपवता येत असेल तर उत्तम, मुठीचे गोल आकार तसे सोपे जातात. मोटर उलटी फिरवायची सोय व्हीएफडीत असतेच, पण बाण छापलेला बेल्ट उलटा चालवला तर सांध्याशी सुटू शकतो. चाक नुसतं स्क्रूवर बसवलेलं असेल, त्याला दांड्यात अडकवणारी चावी नसेल, तर तेही सैल होतं. त्यामुळे मी ती सोय बंद करून ठेवली आहे.

राहता राहिली छोट्या चाकांची पेटी. 12 पासून 75 मिलिमीटरपर्यंतची चाकं एका पेटीत ओळीने मांडलेली दिसतात आणि हात शिवशिवतो. पण 25 मिलिमीटरच्या चाकावरून बेल्ट सेकंदाला 20 मीटर पळाला तर ते चाक मिनिटाला 15000 च्या वर फिरतं. त्यातली चिमुकली बेअरिंगं बघता बघता तापतात आणि ग्रीस सोडून देतात. हळू चालवायचं ठरवलंत तर ती टिकतात, पण बोटाच्या खाचा आणि टँगची वळणं सोडली तर त्यांना फारसं कामही नसतं. वस्तऱ्यांसाठी 75 मिलिमीटरचं एक चाक पुरतं, तेही हात बसल्यावर. उरलेल्या पैशांत 120 ग्रिटचे बेल्ट घ्या. माझ्याकडे नेहमी तेच आधी संपतात.